सुभद्राबाई रेषेबाहेर

सुभद्राबाईला राग आला की ती आधी हातातली वस्तू खाली ठेवायची. पळी असो, विळा असो, पाण्याने भरलेला गुंड असो. नीट जमिनीवर ठेवायची, पदर कमरेला खोचायची आणि मग तोंड उघडायची. तिचा नवरा उमराव स्वभावाने गाय. तो लोकांना सांगायचा, "ते हातातलं ठेवून राहिली दिसली का पळा गा. त्याच्यानंतर येळ भेटत नाही."

इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं त्यांचं गाव, सगळं धानाचं. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरात ती सून म्हणून आली, आणि पोरं मोठी झाल्यावर शाळेत खिचडी शिजवायला लागली. तिच्या रागाच्या गोष्टी गावात पुष्कळ होत्या. एकदा शाळेच्या तांदळात अळ्या निघाल्या, तर तिने ते पोतं चुलीजवळ उघडलंच नाही. डोक्यावर घेतलं आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर रितं केलं. "आधी तुमी खा," म्हणाली, "मंग पोरायले वाढतो." दुसऱ्या दिवशी तांदूळ बदलून आला. पण तेव्हापासून मुख्याध्यापक तिच्याशी बोलताना टेबलाच्या पलीकडे उभे राहत.

हा राग खोटा नव्हता, आणि तिला तो आवडायचाही नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की ती गावाबाहेरच्या मातामायजवळ जायची, दोन फुलं वाहायची आणि म्हणायची, "माय, आज कोनाले काही बोलाले लावू नोको." मातामाय तिचं बाकी सगळं ऐकायची. एवढं मात्र ऐकत नसे.

पोरींच्या संघाबरोबर ती जायला लागली ती नाइलाजाने. शाळेतले चंद्रशेखर सर तालुक्याहून एक अंड्यासारखा लांबट बॉल घेऊन आले आणि पोरींना रग्बी शिकवू लागले. सात-सात जणींचा खेळ. बॉल हातात घेऊन पळायचं, समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणायचं. बॉल पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. गावाने त्याचं नाव अंडाबॉल ठेवलं आणि हसून घेतलं. पण पोरी बाहेरगावी खेळायला न्यायच्या तर सोबत एखादी बाई पाहिजे. शाळेतल्या मॅडम संध्याकाळच्या गाडीने गोंदियाला परत जायच्या. मग उरली सुभद्राबाई.

"सर, मले त्यातलं काही समजत नाही."

"समजायचं काय काकू, पोरींसोबत राहायचं."

"आन् कोनी माह्या पोट्टीले पाडलं तं?"

"पाडतातच. तोच खेळ आहे."

"असा कसा खेळ?" ती म्हणाली, आणि हातातली पळी खाली ठेवली. सर लगेच वर्गात निघून गेले.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक असतं. शेजारच्या एका मोठ्या गावाने आपल्या मंडईत पोरींच्या रग्बीचे सामने ठेवायला सुरुवात केली होती, आणि हे त्याचं दुसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी सुभद्राबाईच्या पोरी आणि त्या गावच्या पोरी शेवटच्या सामन्यात समोरासमोर आल्या होत्या. सामना चालू असतानाच पाहुण्यांची गाडी आली. मंडई समितीचे अध्यक्ष शालीकराम उठून उभे राहिले, माईकवरून म्हणाले, "सामना थांबवा, वेळ झाली," आणि त्या वेळी ज्यांचे गुण जास्त होते त्यांच्या हातात कप दिला. ज्यांचे जास्त होते त्या अध्यक्षांच्याच गावच्या पोरी होत्या. चंद्रशेखर सर बोलायला गेले तर अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मंडई आहे. खेळ होत राहीन."

ते सुभद्राबाईच्या मनात वर्षभर ठसठसत राहिलं. हरल्याचं नाही. तिला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की खेळ पुरा झाला नाही. धानाची अर्धी बांधी कापून कोणी घरी जातं का?

या वर्षी परत तेच मैदान, तोच शेवटचा सामना, समोर तोच संघ. मैदान म्हणजे गावाचं आखर, एरवी जिथे सकाळी गाईढोरं गोळा होतात ती मोकळी जागा. फक्कीने रेषा आखल्या होत्या, दोन्ही टोकांना बांबूचे उंच गोलपोस्ट होते. एका टोकाला नाटकाचा स्टेज उभा होत होता आणि त्याच्याच कडेला अध्यक्षांची खुर्ची, माईक, आणि वेळ सांगायला राइस मिलमधून आणलेला भोंगा.

सुभद्राबाईवर मात्र या वर्षी एक बंधन आलं होतं. सकाळच्या सामन्यात समोरच्या एका दांडग्या पोरीने साक्षीला कमरेत धरून असं आपटलं की धूळ उडाली. साक्षी संघाची कॅप्टन, खुशाल भाऊची लेक, सुभद्राबाईच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. सुभद्राबाईने पाण्याची कॅन खाली ठेवली, पदर खोचला, धावत मैदानात गेली आणि त्या दांडगीची वेणी धरली. "उठ वं! उठ तिच्यावरून!"

पंच रचना मॅडम गोंदियाहून आल्या होत्या. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक, पण शिट्टी कडक. त्यांनी शिट्टी वाजवली, बॉल समोरच्या संघाला दिला आणि सुभद्राबाईला बाजूला घेतलं.

"आजी, त्या मुलीने नियमात धरलं होतं. चूक तुमची झाली. पुन्हा रेषेच्या आत पाय पडला तर तुमचा संघ बाद करीन."

"माहा पाय पडला तं पोरी काऊन बाद?"

"तुम्ही त्यांच्या आहात म्हणून."

त्या दांडगीच्या डोक्यावरून हात फिरवून ती रेषेबाहेर आली आणि दिवसभर रेषेपासून एक हात लांब उभी राहिली. जवळ गेलो तर पाय आपणच आत जाईल, अशी तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

शेवटचा सामना सुरू झाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धानाची कापणी ऐन भरात होती, त्यामुळे कितीतरी पोरी शेतावर अडकल्या होत्या. संघात बरोबर सात जणी, बदली म्हणून कोणी नाही. समोरच्या गावाच्या पोरी बाकावर बसून ओरडत होत्या, एवढ्या त्यांच्याकडे जास्तीच्या. तरी पोरी खेळल्या. समोरच्यांचे दहा गुण झाले, यांचे सात. शेवटची मिनिटं उरली तसा अध्यक्षांनी माईक हातात घेतला.

"पाहुणे मंडळी आलेली आहेत. आपण लवकरच बक्षीस समारंभ सुरू करणार आहोत."

"कायचा समारंभ?" सुभद्राबाई ओरडली. "पोरी खेळून राहिल्या, डोळे फुटले काय?"

माईकपुढे तिचं कोण ऐकणार. स्टेजवाली माणसं सब्बल घेऊन मैदानाच्या टोकाला आली आणि चक्क गोलपोस्टामागे, जिथे ट्राय टेकवायचा त्या जागेत, मांडवाच्या बांबूसाठी खड्डा खणायला लागली.

तेवढ्यात भोंगा वाजला. वेळ संपली.

पण खेळ थांबला नाही. रग्बीत भोंगा वाजला तरी बॉल खेळात असेपर्यंत खेळ चालतो. बॉल मेला, म्हणजे बाहेर गेला किंवा हातून पुढे सुटला, की मग संपतं. बॉल आपल्या पोरींकडे होता. साक्षी पळाली, पडली, तिच्यावर दोघी पडल्या, आणि समोरच्या एकीने आडवं पडून बॉल दाबून धरला. रचना मॅडमची शिट्टी वाजली. हात आपल्या बाजूला वर गेला. पेनल्टी. जवळजवळ गोलपोस्टच्या समोरच.

मॅडम साक्षीजवळ गेल्या. "बोल. काय घेतेस?"

वेळ संपल्यावर मिळालेली पेनल्टी फुकट जात नाही. कॅप्टनने सांगायचं. बॉल जमिनीवर आपटून उसळताना लाथ मारायची आणि दोन बांबूंच्या मधून घालवायचा, तर तीन गुण. म्हणजे दहा-दहा, बरोबरी, आणि मग जास्तीचा खेळ. नाहीतर बॉल पायाला लावून लगेच पळत सुटायचं. नाहीतर स्क्रम घ्यायचा, म्हणजे तिघी-तिघींनी वाकून एकमेकींना रेटायचं. नाहीतर बाजूच्या रेषेबाहेर मारायचा आणि तिथून पुन्हा आपणच आत फेकायचा. चारही वाटा मोकळ्या, आणि निवडायची एकटीने.

पण एकटीला कोण ठेवतं! चारी बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. चंद्रशेखर सर ओरडले, "साक्षी, गोल! गोल घे!" मंडईतले पानठेलेवाले ओरडले. ज्यांनी आयुष्यात हा खेळ पाहिला नव्हता ते बाप्ये हातवारे करून सांगायला लागले. एक जण हिंदीत ओरडला, "सीधा मार, सामने तो है!" अध्यक्ष माईकवरून म्हणाले, "बाळा, लवकर कर, पाहुण्यांना पुढे जायचं आहे." आणि या सगळ्यांच्या वरताण आवाज सुभद्राबाईचा होता.

"गोल मार वं पोट्टे! बरोबरी कर! गोल!"

साक्षीने कोणाकडे पाहिलं नाही. एकदा मागे आपल्या पोरींकडे पाहिलं, जिथे भूमिका वाकून बुटाची नाडी बांधत होती. मग मॅडमला काहीतरी म्हणाली, आणि बॉल हातातून सोडून सरळ बाजूला मारला. बॉल उंच गेला आणि पार कोपऱ्याजवळ, समोरच्यांच्या ट्रायच्या रेषेच्या अलीकडे, बाहेर पडला.

सुभद्राबाईने कपाळावर हात मारला. भोंगा वाजलेला, बॉल बाहेर! पोट्टीने स्वतःच्या हाताने सामना घालवला!

"माय वो, डोकं फिरलं काय हिचं! गोल समोर होती! समोर!"

मैदानाने तोच अर्थ काढला. ढोलवाले आत शिरले, त्यांच्यामागे गुलाल, त्यामागे सगळी मंडई. समोरच्या पोरींना लोकांनी खांद्यावर उचललं. अध्यक्षांनी माईकवरून विजेत्यांचं नाव जाहीर करून टाकलं. रचना मॅडम शिट्टी वाजवत होत्या, हाताने कोपऱ्याकडे दाखवत होत्या. ढोलापुढे ती शिट्टी चिमणीएवढी वाटत होती. त्यांच्याभोवती समोरच्या संघाचा गुरुजी नाचत होता, "मॅडम, तिनं आधी पायाला लावला, मंग मारला! आधी टॅप झाला! संपली मॅच!"

"लावला नाही," मॅडम म्हणत होत्या. "हातातून पायावर, पायावरून बाहेर. मी समोर उभी होते. टॅप करून मारला असता तर संपली असती." पण हे त्यांच्या नाकासमोर उभ्या असलेल्यालाच ऐकू आलं.

साक्षी आणि तिच्या पोरी कोपऱ्यात, बॉल पडला त्या जागी, जाऊन उभ्या होत्या. गुलालाच्या गर्दीत सात पोरी रांग धरून उभ्या. कोणाची तरी वाट पाहत.

सुभद्राबाई चंद्रशेखर सरांवर तुटून पडली. "सर, हारल्या तं घरी कायले नाही जाऊन राहिल्या? उभ्या काऊन आहेत?"

सरांनी डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. तेही चिडले होते, पण साक्षीवर. "गोल घ्यायची होती काकू, मी सांगितलं होतं... पण संपलं नाही. अजून संपलं नाही."

"बाहेर गेला ना बॉल!"

"पेनल्टीचा सरळ मारलेला बाहेर गेला तर संपत नाही. आपणच आत फेकायचा. मग जे होईल ते." सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना एकदम सोपं सुचलं. "काकू, तुमच्या तलावाच्या पाण्याची पाळी कशी असते? सूर्य बुडला की आपली पाळी संपली. पण तोवर पाटात सोडलेलं पाणी?"

"ते ज्याचं त्याचं. शेवटच्या बांधीत जाते तवरीक. त्याले कोनी हात नाही लावत."

"तेच हे."

सुभद्राबाईच्या हातात पोरींच्या चपलांची थैली होती. ती तिने हळूच खाली ठेवली.

तिने पहिलं पाऊल सरळ स्टेजच्या दिशेने उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. स्टेज मैदानाच्या पलीकडे होता. मधे रेषा. रेषेच्या आत पाय पडला तर संघ बाद. समोर सगळी मंडई मैदानात नाचत होती, बकऱ्या आत होत्या, एक मोटारसायकल आत होती, फक्कीची रेष पायाखाली पुसून गेली होती, आणि एकट्या सुभद्राबाईला आत जायची बंदी! तिने त्या नसलेल्या रेषेला एक शिवी हासडली आणि बाहेरून पळायला लागली. आखराच्या कडेकडेने, जिलेबीच्या दुकानामागून, पाळण्याच्या दोरांखालून, सांडपाण्याचा चिखल तुडवत. साडी पिंढरीपर्यंत खोचलेली. लोक बाजूला होत होते. कोणीतरी विचारलं, "का झालं वो बाई?" ती म्हणाली, "हट!"

स्टेजवर चढली तेव्हा तिला श्वास आवरत नव्हता. माईक धरणाऱ्या हेमेंद्र नावाच्या पोराच्या हातातून तिने माईक घेतला. तिच्या आयुष्यात तिने माईक धरला नव्हता. पहिल्यांदा त्यातून निव्वळ तिची धाप ऐकू आली, कर्ण्यांवर, चारही दिशांना. ढोलवाले दचकून थांबले.

"बाहेर व्हा!"

स्वतःचा आवाज एवढा मोठा ऐकून ती क्षणभर घाबरली. मग तिला तो आवडला.

"बाहेर व्हा मैदानातून! खेळ संपला नाही! ते बारकी मॅडम कवाची शिट्टी मारून राहिली, तुमाले ऐकू येत नाही काय? पोरीची पारी होती, तिनं पानी पाटात सोडलं आहे. ते पानी शेवटच्या बांधीत जाते तवरीक कोनी मधात फावडं घालते काय? घालते काय कोनी? घातलं तं डोकी फुटतेत का नाही फुटत आपल्या गावायनी?"

मैदानात कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "हाव, बराबर आहे बाईचं." पाण्याच्या पाळीवरून भांडलेला नाही असा एकही शेतकरी तिथे नव्हता.

शालीकराम अध्यक्ष उठून तिच्याजवळ आले. चेहरा हसरा, आवाज खालचा. "वहिनी, असं नाही करायचं. पाहुणे बसून राहिले."

"बसू द्या नं. पाहुणे का भाजी होय, वाळून जाईन?"

हे माईकमधून गेलं. सगळं आखर हसलं. पाहुणेही हसले, कारण दुसरं काय करणार.

"मागच्या सालीही तुमी असंच केलं," ती आता हसत नव्हती. "खेळ अर्धा ठेवला आन् कप घेऊन बसले. तवा मी गप राहिली. माह्या पोरी हारल्या तं हारू द्या. पुऱ्या हारू द्या! अर्ध्यात कोनी हारवू नये." मग स्टेजच्या टोकाकडे वळून, "आन् तुमी, तो खड्डा बुजवा! पोट्टी पळत येईन, पाय मोडन तिचा!"

सब्बल घेतलेली माणसं अध्यक्षांकडे पाहायला लागली. अध्यक्षांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे पान खात मान हलवून म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या." मग कुठे खड्ड्यात माती पडली. रचना मॅडमने एकेकाला हाताने बाहेर काढलं, रेषा नव्हती तिथे माणसांची रांग उभी केली, आणि शिट्टी वाजवली. या वेळी ती ऐकू आली.

सुभद्राबाई माईक परत देऊन खाली उतरली आणि कोपऱ्याजवळ, बाहेरच, उभी राहिली. हात जोडलेले होते, पण प्रार्थना म्हणावी तर ती भांडणच होती. "माय, येवढं केलं आता. पुढचं तू पाह्य. मी नाही पाहत." आणि डोळे उघडेच.

बॉल आत फेकला गेला. आपल्या पोरीने उडी मारून धरला, मागे दिला, तिथून साक्षीकडे आला. साक्षी आत वळली. दोघींना चुकवलं. रेष समोर होती, मोकळी, नुकत्याच बुजवलेल्या खड्ड्याची ओली माती दिसत होती. तेवढ्यात सकाळची नव्हे, पण तशीच एक दांडगी आडवी आली. साक्षी पडता पडता हात लांबवून बॉल टेकवायला गेली आणि बॉल बोटांतून पुढे सुटला.

शिट्टी. आता खरंच संपलं.

साक्षी बराच वेळ तोंड खाली घालून पडून राहिली. रचना मॅडमने "आता या, आजी," म्हटलं तेव्हा सुभद्राबाई आत गेली. तिने साक्षीला उठवलं, तोंडावरची माती पदराने पुसली, आणि एक शब्द बोलली नाही. कारण जे बोलावंसं वाटत होतं ते एकच वाक्य होतं, आणि ते तिने दातांखाली दाबून धरलं होतं.

ते वाक्य बक्षीस देताना शालीकराम अध्यक्ष बोलले. दुसऱ्या नंबरचा छोटा कप साक्षीच्या हातात देता देता त्यांनी माईक जवळ घेतला. "पोरी, गोल समोर होती ना? ते मारली असती तं बरोबरी झाली असती. मोठ्या मानसांचं ऐकाव कधी कधी." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अगदी हेच. शब्दाला शब्द. ते त्यांच्या तोंडून ऐकलं आणि सुभद्राबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. खाली ठेवायला तिच्या हातात काही नव्हतं. असतं तरी ठेवलं नसतं.

"तुमाले विचारलं होतं काय?"

अध्यक्ष हसले. "अवो वहिनी, मी तं सहज..."

"सहज कायले? पेनल्टी तुमची होती? मॅडमनं तुमाले विचारलं का, अध्यक्षसाहेब काय घेता म्हनून? तिची होती. तिनं मारली. जिंकली तं जिंकली, हारली तं हारली, तिचं ते पाहीन. दर साली खेळाच्या मधात मधात तोंड घालता, आता संपल्यावरही घालता?" पुढचं बरंच काही चंद्रशेखर सरांनी तिला दंडाला धरून खाली नेल्यामुळे कोणी ऐकलं नाही.

टेम्पो गावाकडे निघाला तेव्हा दिवेलागण होत होती. दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या पेंढ्या पडलेल्या, थंडी पडायला लागलेली. सर पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. सुभद्राबाईने सौंदडचा फाटा येईपर्यंत कसंबसं तोंड आवरलं, आणि मग साक्षीकडे वळली.

"आता सांग. गोल काऊन नाही मारली?"

साक्षी बाहेर पाहत होती.

"तुले विचारून राहिली मी. समोर गोल होती. मी त्या मानसाशी भांडली, ते येगळं. तो बोलाले कोन? पन मी तं तुही आहो. सांग."

"भूमिकाचा गुडघा गेला होता, आजी."

सुभद्राबाईने भूमिकाकडे पाहिलं. भूमिका टेम्पोच्या कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती. पँट वर केली तर गुडघा वांग्यासारखा सुजलेला.

"कवाचा?"

"दुसऱ्या अर्ध्यात," भूमिका म्हणाली. "सरायले सांगतलं असतं तं मले बाहेर काढलं असतं. सहाच राहिल्या असत्या."

"बरोबरी झाली असती तं पुन्हा खेळाव लागला असता," साक्षी म्हणाली. "जास्तीचा खेळ. तिच्यानं एक पाऊल टाकनं होत नव्हतं. मंग हारलोच असतो, आन् हिचा पायही गेला असता. म्हनून म्हटलं, एकाच खेपेत जे होईन ते."

टेम्पो खड्ड्यातून गेला. भूमिकाने दात आवळले.

सुभद्राबाईला आता कोणावर रागवावं ते समजेना, आणि राग तर तसाच होता, छातीत मावत नव्हता. ती शेवटी साक्षीवरच ओरडली.

"मंग हे तवाच सांगाचं नव्हतं काय? तोंड नव्हतं तुले? मी तेथी घसा फाडून राहिली, गोल मार, गोल मार! एक शब्द सांगतला असता!"

"तवा कोनी विचारलं, आजी?" साक्षी म्हणाली. तिचाही आवाज चढला होता, दिवसभरात पहिल्यांदा. "एका मॅडमनं विचारलं. बाकी सब्बन सांगूनच राहिले होते. तूही."

पुढे बसलेल्या सरांनी मान वळवली नाही. त्यांची पाठ मात्र थोडी ताठ झाली.

सुभद्राबाई सरकत सरकत कोपऱ्यात गेली, भूमिकाचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि टेम्पोचे धक्के गुडघ्याला लागू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली. पाय धरला, पण तोंड चालूच होतं. ड्रायव्हरला म्हणाली, "हळू चालव रे, का धानाचे पोते भरून राहिला तू?" भूमिकाला म्हणाली, "लपवते, शहाणी." साक्षीला काही म्हणाली नाही. तिच्याकडे पाहत मात्र राहिली, रागानेच, गाव येईपर्यंत.